गाण्यांची वाहिनी आणि आपली गाणी
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



दूरचित्रवाणीवर अष्टौप्रहर केवळ गाणी दाखविणारी वाहिनी चालविणे म्हणजे सोपे काम, अशी आपली समजूत असते. परंतु अशी वाहिनी काढणारांना प्रारंभी काय सोसावे लागले हे पाहिले, म्हणजे त्यात आपणांस घेण्याजोगा बोध आहे असे दिसून येते.

अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एम.टी.व्ही. ही वाहिनी सुरू झाली. तिची पहिली अडचण गाण्यांचीच होती. ध्वनिमुद्रिका विपुल होत्या. परंतु चित्रित गाणी थोडी असल्याने तीच ती पुन:पुन्हा दाखवावी लागत. दुसरी अडचण केबलवाल्यांची. ते वाहिनी घेईनात. न्यूयॉर्कच्या मॅनहटन भागात ती दिसत नसल्यामुळे चालकांना आपलाच शुभारंभ पाहावयास नदीपलीकडे न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात जावे लागले! प्रेक्षक नाहीत म्हणून जाहिराती नाहीत, ही तिसरी अडचण. अखेर १९८२ साली नामांकित गायकांकरवी त्यांनी प्रेक्षकांनाच आवाहन केले, की केबलवाल्यांकडे या वाहिनीची मागणी करा. तेव्हा कोठे दारे उघडू लागली.

पण स्वत: दाराबाहेर तिष्ठलेल्या या वाहिनीवर कृष्णवर्णीय गायकांची गाणी मात्र अभावानेच दिसत. १९८३ साली डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकाने मुलाखत देताना मुलाखतकारालाच याचा जाब विचारला. त्याच वर्षी मायकेल जॅक्सन यांची गाणी तेथे लागली, आणि त्यांनी वाहिनीचाही उत्कर्षच झाला.

निव्वळ मराठी गाण्यांची ‘९एक्स झकास’ ही वाहिनी आपल्या राज्यात निघाली ती २०११ साली, म्हणजे अमेरिकेनंतर तब्बल ३० वर्षांनी. आदल्याच वर्षी ‘नटरंग’मधील गाणी घरोघर पोचली होती. तरीही जुन्या केबलवर जागा मोजकीच असे, आणि ती मिळविण्यास वाहिन्यांनाच केबलचालकांना पैसे मोजावे लागत. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने डिजिटल केबल आली, तेव्हा ही कोंडी सैल झाली.

आता आपल्या भंडारा जिल्ह्याकडे पाहू. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्रभर दंडार आणि खडी गंमत रंगते. धानाच्या रोवणीला बाया गाणी म्हणतात, पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या होतात. यांतील किती गाणी पडद्यावर दिसतात? वाहिन्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु चित्रितच न केलेले गाणे त्यांनी दाखवावे कोठून? माझ्या मातोश्रींना रोवणीची पुष्कळ गाणी येत. त्या गेल्या, आणि त्यांच्या आवाजातील एकही गाणे आज माझ्यापाशी नाही. ही चूक सर्वस्वी माझी आहे.

आता खिशातील भ्रमणध्वनीनेही चित्रण होते, आणि ते दाखविण्यास केबलवाल्याची मनधरणी करावी लागत नाही. म्हणून माझी हात जोडून प्रार्थना आहे, की येत्या मंडईपूर्वी प्रत्येक कुटुंबाने घरातील एका वृद्ध व्यक्तीचे एक तरी गाणे टिपून ठेवावे. गाणाराचे नाव, गाव आणि गाण्याचा प्रसंग त्यात अवश्य सांगावा. पुढील संमेलनात ती गाणी आपण सर्वजण एकत्र बसून पाहू.