बिबळ्याचा शेजार

मंडळी, बोरिवली, मुलुंड, आरे इथल्या लोकांना बिबळ्या काही नवा नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. तिथे कॅमेरे लावून मोजणी झाली. २०१५ साली ३५ बिबळे आढळले, २०१८ साली ४७.

तो दारापर्यंत येतो कशाला? बहुतेक वेळा कुत्र्यासाठी. कचरा आपण टाकतो, त्यावर कुत्री पोसतात, अन् त्यांच्या मागावर बिबळ्या येतो.

तुम्ही म्हणाल, धरून लांब सोडा की! तेही झाले. इथले तिकडे नि तिकडचे इथे सोडून पाहिले. तरी २००४ साली हल्ल्यांनी कळस गाठला. परक्या मुलखात जनावर बावरते, आणि रिकाम्या जागी दुसरे येऊन बसते.

२०२२ च्या दिवाळीत आरेमध्ये एक तान्ही पोर गेली. म्हणून सांगतो, दिवेलागणीनंतर मुलांना एकटे सोडू नका. अंगणात, वाटेवर उजेड ठेवा. कचरा साठू देऊ नका. बिबळ्या दिसलाच तर गर्दी न करता त्याला वाट द्या, वनखात्याला कळवा.

वारली बांधव वाघोबाला पुजतात, पण अंतर राखून. गुरुजी, एवढा धडा मुलांना जरूर द्या.