८६३ रन गेले, आता विदर्भाचं काय? : रणजी सीझनच्या आधीच्या गप्पा

आज मागे घरघर ऐकू येत असेल तर तुमचे हेडफोन खराब नाहीत. दसऱ्याला गावी आलोय, हिंगणघाट तालुक्यात, आणि शेजारच्या वावरात थ्रेशर चालू आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी गादीच्या आड बसून रेकॉर्ड करतो, इथे तो लाड नाही. त्यामुळे आजचा एपिसोड सोयाबीनच्या बॅकग्राउंड म्युझिकसह.

विषय तुम्हाला माहीतच आहे. १५ ऑक्टोबरला रणजीचा २०२५-२६ चा सीझन सुरू होतोय आणि आपली टीम चॅम्पियन म्हणून उतरतेय. दरवेळी आयपीएलच्या आधी दहा टीमचा हिशोब मांडतो, तर यावेळी म्हटलं एकाच टीमचा मांडू, पण नीट.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधी. पुण्यातल्या ऑफिसात मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "अरे, तुम्ही महाराष्ट्राकडून का नाही खेळत?" भाऊ, एका राज्यात तीन टीम आहेत. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. आपण १९५७-५८ पासून वेगळे खेळतो, आणि तेव्हापासून २०१७ पर्यंत आपण एकदाही फायनल पाहिली नव्हती. मग २०१७-१८ ला इंदूरला दिल्लीला हरवलं, पुढच्या वर्षी नागपूरला सौराष्ट्राला. २०२३-२४ ला वानखेडेवर मुंबईकडून फायनल हरलो आणि २०२४-२५ ला परत जिंकलो. सात सीझनमध्ये चार फायनल, तीन कप. आता बोला.

तर हिशोब. मी गेल्या सीझनची एक स्प्रेडशीट केली आहे. (हो, सुट्टीत. आईनेही हेच विचारलं, "सुट्टीत पण लॅपटॉप काहून?") त्यात पहिली तीन नावं बघा. यश राठोड ९६०, करुण नायर ८६३, दानिश मालेवार ७८३. तिघांचे मिळून २६०६. आणि करुण आता आपल्याकडे नाही. तो कर्नाटकात परत गेला. म्हणजे या तिघांच्या रनांपैकी जवळपास एक तृतीयांश वजा. शिवाय हे रन सोपे नव्हते. केरळविरुद्धची फायनल आठवा. पहिल्या दिवशी सकाळी आपण २४ ला ३. तिथून करुण आणि दानिशने २१५ ची पार्टनरशिप केली. दानिश १५३, करुण ८६ वर रनआउट. दुसऱ्या डावात करुणचे १३५. मॅच ड्रॉ झाली आणि पहिल्या डावातल्या फक्त ३७ रनांच्या लीडवर कप आपला झाला. ३४२ विरुद्ध ३७९. यातून करुणला काढून बघा काय उरतं.

आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. एक सर्व्हर पडला की सगळं बंद. पण खरं सांगू, करुण हा तसा सर्व्हर होता का, हे मला आधी वाटत होतं तितकं सरळ नाही. सेमीफायनल बघा. मुंबईविरुद्ध दुसऱ्या डावात १५१ कोणी मारले? राठोडने. आणि यंदा ऑगस्टमध्ये दुलीप ट्रॉफीत दानिशने सेंट्रल झोनकडून डबल सेंच्युरी ठोकली, तर फायनलमध्ये राठोड १९४ वर गेला. म्हणजे २६०६ मधले जे दोन तृतीयांश आपल्याकडे उरलेत, ते वाढतीच्या वयातले आहेत.

राठोडबद्दल माझी एक तक्रार आहे, पण त्याच्याबद्दल नाही, आपल्याबद्दल. तो सीझनचा टॉप स्कोरर होता, पूर्ण देशात. तुमच्यापैकी किती जणांना तो डावरा आहे हे माहीत होतं? मीही गेल्या डिसेंबरपर्यंत त्याचा एक पूर्ण डाव बघितला नव्हता. स्कोअरकार्ड वाचून फॅन झालेला माणूस मी.

ओपनिंग ही आपली खरी दुखरी नस. फायनलला आपण काय केलं ते आठवतं का? अथर्व तायडेला बसवलं आणि पार्थ रेखडेला ध्रुव शोरेसोबत ओपनला पाठवलं. पार्थ मुळात स्पिनर. सेमीफायनलला त्याने एकाच ओव्हरमध्ये रहाणे, सूर्या आणि शिवम दुबे काढले होते, तो पार्थ. बॅटिंगला गेला आणि शून्यावर परत आला. मग तीन नंबरला कोण? दर्शन नळकांडे! फास्ट बॉलर! वर्ध्यात जन्मलेला आपला माणूस रणजी फायनलमध्ये तीन नंबरला, आणि मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ओरडलो होतो. एक रन करून आउट झाला. ओरडणं वाया गेलं, पण पुढे बॉलिंगमध्ये त्याने तीन काढल्या, वसूल.

दर्शनवर दोन मिनिटं घेतो, जिल्ह्याचा हक्क आहे. २०२१ ची सय्यद मुश्ताक अली सेमीफायनल, कर्नाटकविरुद्ध. शेवटच्या ओव्हरमध्ये त्याने चार बॉलमध्ये चार विकेट घेतल्या. चार बॉल, चार! आणि तरी आपण ती मॅच चार रननी हरलो. विदर्भाचा फॅन असणं म्हणजे काय हे कोणाला समजवायचं असलं की मी ती मॅच सांगतो.

असो, ओपनिंग. ज्या तायडेला फायनलला बसवलं, त्या अकोल्याच्या पोराने आता इराणी कपमध्ये १४३ मारले. रेस्ट ऑफ इंडियाविरुद्ध, जामठ्याला, आणि मॅन ऑफ द मॅच. त्याच्यासोबत अमन मोखाडे. करुणच्या जागेवर अनुभव हवा म्हणून रविकुमार समर्थला आणलंय, तोही मूळ कर्नाटकचाच. म्हणजे एक कन्नडिगा गेला, एक आला. पण माझं मत विचाराल तर अथर्व आणि अमनला सातही लीग मॅच द्याव्यात. दोन फेल झाले म्हणून काढायचं नाही. परत स्पिनरला ओपनिंगला पाठवायची वेळ येऊ नये.

बॉलिंगबद्दल फार बोलायची गरज नाही, कारण हर्ष दुबे. ६९ विकेट. एका रणजी सीझनमधला हा रेकॉर्ड आहे, आधीचा बिहारच्या आशुतोष अमनचा ६८ चा होता. वय तेवीस. मला एकच भीती आहे, की हा पोरगा आपल्याकडे राहणारच नाही. कर्नाटकात नाही हो, इंडिया ए मध्ये. तो दोन-तीन मॅच नसला तर पार्थ आहे, पण ६९ चा बोजा पार्थवर टाकू नका. फास्टमध्ये यश ठाकूर, आदित्य ठाकरे, दर्शन, नचिकेत भुते. चौघं फिट असले तर छान, पण चौघं एकाच वेळी फिट असणं म्हणजे महावितरणची लाइन दिवसभर राहण्यासारखं आहे. होतं कधीकधी.

आता इराणीची गोष्ट. रविवारी, ५ तारखेला, शेवटच्या दिवशी मी, बाबा आणि काकाचा पोरगा असे तिघं जामठ्याला गेलो. बाहेरच्यांना माहीत नसेल, नागपूरचं स्टेडियम शहराच्या बाहेर वर्धा रोडवर आहे, त्यामुळे आम्हाला नागपुरात शिरावंच लागत नाही. जाम, बुटीबोरी, जामठा, झालं. बाबांनी सोयाबीन एक दिवस थांबवलं, ही छोटी गोष्ट नाही. यंदा पावसाने जे उरलंय त्यातलं.

रेस्ट ऑफ इंडियाला ३६१ हवे होते. मधे यश धुल आणि मानव सुथार असे जमले की बाबा म्हणाले, "हे पोट्टे मारून टाकतात बाप्पा." मग धुल ९२ वर गेला आणि आपण ९३ रननी जिंकलो. तिसरा इराणी कप.

पण मला मॅचपेक्षा परतीचा रस्ता जास्त आठवतोय. बाबा आयपीएल बघत नाहीत, त्यांचा क्रिकेटशी संबंध पेपरातल्या स्कोअरपुरता. जामच्या टपरीवर चहा घेताना त्यांनी विचारलं, "अन् तो नायर कुठी गेला? दिसला नाही."

म्हटलं, "कर्नाटकात परत गेला, बाबा. आपल्याला सोडून."

"सोडून काय? घरी गेला ना तो."

मी गप्प. सात वर्षं झाली मला पुण्यात. मी करुणवर "गेला" म्हणून चिडलो होतो, हे मला त्या टपरीवर जरा विचित्र वाटलं. तसं बघितलं तर कर्नाटकने त्याला टीममधून काढलं, २०२३ ला आपण घेतलं, दोन सीझन त्याने जीव तोडून खेळून दिले, त्याच जोरावर आठ वर्षांनी तो इंग्लंडला टेस्ट खेळला. आणि आदित्य सरवटे? आपला माणूस, २०१८-१९ च्या फायनलमध्ये अकरा विकेट घेऊन मॅन ऑफ द मॅच. गेल्या फायनलला तो केरळकडून खेळत होता, जामठ्यालाच, आणि आपल्याविरुद्ध ७९ मारले. रजनीश गुरबानी, इंदूरच्या फायनलमध्ये हॅटट्रिक घेणारा, आमच्यासारखाच इंजिनिअर, तो आता महाराष्ट्राकडे. जितेश शर्मा अमरावतीचा, तो बडोद्याला. आणि गंमत म्हणजे बडोदा यंदा आपल्याच ग्रुपमध्ये आहे. तेव्हा येणं-जाणं चालूच असतं.

पण मग काकाच्या पोराने एक प्रश्न टाकला, तो माझ्या स्प्रेडशीटमध्ये कुठेच बसत नाही. तो सतरा वर्षांचा आहे, लेफ्ट आर्म स्पिन टाकतो, जिल्ह्याकडून खेळतो. पहाटेची गाडी पकडून नागपूरला ट्रायलला जातो, जसा मी जायचो. मी सोळाव्या वर्षी ऑफ स्पिन टाकायचो. तीनदा गेलो, तीनदा नाव नव्हतं. कोणाची चूक नव्हती, माझा बॉल वळतच नव्हता. मग बारावी, मग बीटेक. याचा मात्र वळतो.

तो म्हणाला, "दादा, बाहेरून एक आला की अकरातली एक जागा जाते ना?"

मी त्याला लेक्चर दिलं. म्हटलं, वसीम जाफर आला नसता तर २०१७-१८ झालं असतं का? २०१८-१९ ला त्याने हजारावर रन केले. त्याच्या समोरच्या एंडला उभं राहूनच आपली पोरं शिकली. करुणसोबत २१५ जोडताना दानिशचा पहिलाच सीझन चालू होता. एक जागा जाते, पण दोन तयार होतात.

तो म्हणाला, "हाव. पण ज्याची गेली त्याचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. इराणीच्या अकरात एक ध्रुव शोरे सोडला, तो दिल्लीहून आलेला, तर दुसरा कोणी दुसऱ्या टीममधून आणलेला नव्हता. हे मी त्याला सांगितलं. त्यावर तो थोडा हसला आणि म्हणाला, "स्पिनर दोन होते, दोघं डावरे." म्हणजे हर्ष आणि पार्थ. दोघंही लेफ्ट आर्म, दोघंही तरुण. त्याचा प्रश्न करुण नव्हताच. बाहेरचा कोणी येवो न येवो, त्याची जागा घरच्याच माणसांनी अडवलीय. आणि मी जामठ्याच्या स्टँडमध्ये हर्षच्या प्रत्येक विकेटला उड्या मारत होतो, हा बाजूला शांत बसून त्याचा हात बघत होता. रिलीजच्या वेळी मनगट कुठे असतं ते. मोबाइलवर झूम करून व्हिडिओ काढले त्याने, चाळीसेक तरी.

चला, अंदाज सांगतो, नाहीतर तुम्ही कमेंटमध्ये सोडणार नाही. ग्रुपमध्ये तामिळनाडू, उत्तर प्रदेश, बडोदा, आंध्र, झारखंड, ओडिशा, नागालँड. सात मॅच, पाच आत्ता आणि दोन जानेवारीत, वरच्या दोन टीम क्वार्टरफायनलला. सरळ जिंकलं तर सहा पॉइंट, ड्रॉमध्ये लीड असली तर तीन. आपण पहिल्या दोनात येतो, यावर मी जेवणाची पैज लावतो. तामिळनाडूला गेल्या क्वार्टरफायनलला १९८ रननी हरवलंय, ते चिडलेले असतील, पण तरी. क्वार्टरफायनलच्या पुढे मात्र मी पैज लावणार नाही. नॉकआउटला एखादा दिवस असा येतो की २४ ला ३ होतात, आणि तेव्हा क्रीजवर जाणारा माणूस शांत असावा लागतो. तो अक्षय वाडकर असू शकतो. २०१७-१८ च्या फायनलमध्ये १३३ मारणारा हाच, आता कॅप्टन. पण तो सहा नंबरला येतो, आणि २४ ला ३ मध्ये सहा नंबर फार लांब असतो. चार नंबरला राठोडला पाठवा, मी इतकंच म्हणतो.

करुणचे ८६३ माझ्या हिशोबात असे वाटले गेलेत : तायडे चारशे, मोखाडे तीनशे, उरलेले समर्थ आणि नशीब. मार्चमध्ये ही स्प्रेडशीट उघडून माझी चेष्टा करायची पूर्ण मुभा आहे.

पहिली मॅच १५ तारखेपासून, नागालँडशी. तोपर्यंत मी पुण्यात पोचलेलो असेन, आवाज परत गादीच्या आडचा येईल. काकाच्या पोराची पुढची ट्रायल आली की तो मला मेसेज करणार आहे. आत्ता तो अंगणात बॉल टाकतोय, भिंतीला लागलेला आवाज तुम्हाला मधूनमधून आला असेल. थ्रेशर बंद झालं, आता जेवायला बोलावतायत. येतो.