शाळेतली मोबाइल-खेळाची स्पर्धा

शाळेत मोबाइलच्या खेळाची स्पर्धा म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला: पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, ई-स्पोर्ट्‌स मात्र खेळ म्हणून मान्य. भाग घ्यायची फी चालते, पैज नाही.

माझी काळजी वेगळीच. घरातला एकुलता मोबाइल पोराच्या हाती. मग संघात पोरगी येणार कुठून? शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा आपल्या, बायांच्या. तिथं विचारा: खेळ कोणता, वेळ किती? सराव शाळेच्या संगणकावर, गुरुजी-बाईंसमोर ठेवा म्हणावं. संघात निम्म्या पोरी घ्या. आणि आपल्या हिंगोलीकडं सोयाबीन काढणीत स्पर्धा नको. तेव्हा पोरी रानात असतात.