विस्मृत तबकडीचें भाग्य

तबकडीची योग्यता तिच्या खपावरून ठरवूं नये. १९८२ सालीं मुंबईच्या चित्रपटसंगीतांतील वादक चरणजित सिंग यांची एक तबकडी निघाली. भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनीं विद्युत्-यंत्रांवर, डिस्कोच्या ठेक्यांत वाजविले होते. लोकांनीं तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं.

त्या यंत्रांत 'टीबी-३०३' नांवाचें एक लहानसें जपानी यंत्र होतें. गिटारवादकास खर्जाची साथ मिळावी म्हणून रोलंड कंपनीनें तें काढलें. पण तें चाललें नाहीं व १९८४ मध्यें बंद पडलें. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय मात्र त्यांत होती. मिंडेला आणखी काय हवें? सिंग यांनीं नेमका तोच गुण हेरला. पुढें १९८७ सालीं शिकागोच्या तरुणांनीं ह्याच यंत्रावर 'अ‍ॅसिड हाउस' हें नृत्यसंगीत घडविलें. त्यांस सिंग ठाऊक नव्हते; म्हणून सिंग यांस त्या संगीताचे जनक म्हणणें योग्य नव्हे. त्यांचा मान निराळा. रागाचा कान असलेल्या वादकानें परक्या यंत्राला आपली भाषा शिकविली, हा तो मान होय.

२००२ सालीं एदो बाउमन ह्या डच संग्राहकास ही तबकडी दिल्लींत सांपडली. २०१० मध्यें ती पुनः प्रसिद्ध झाली आणि युरोपांतील रसिक चकित झाले. २०१५ सालीं निधन होण्यापूर्वीं सिंग यांनीं तेच राग परदेशांतील रंगमंचावरही वाजविले.

घरांतील जुन्या तबकड्या मोडींत घालण्यापूर्वीं एकवार ऐकाव्या, हें बरें.