पहिल्या चलच्चित्रावर अभिप्राय कसा द्यावा?



विद्यार्थ्याचा निबंध किंवा हस्तव्यवसायाचा नमुना पुढे आला म्हणजे त्यावर काय बोलावे, हे शिक्षकास सहसा सुचते. कारण तो अभ्यास त्याने स्वतः केलेला असतो. परंतु आता अनेक शाळांतून संगणक आले आहेत आणि सातवीतील मूल स्वतः तयार केलेले हलते चित्र गुरुजींपुढे ठेवू लागले आहे. यालाच चलच्चित्र किंवा ॲनिमेशन म्हणतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या मीडिया लॅबने २००७ साली सर्वांस खुले केलेले ‘स्क्रॅच’ हे साधन मोफत मिळते आणि एकदा संगणकावर उतरवून घेतले म्हणजे इंटरनेटवाचूनही चालते. तेव्हा लहान गावच्या शाळेतही असे काम होऊ शकते.

अडचण पुढेच आहे. संगणकाचे शिक्षण न झालेला शिक्षक अशा वेळी संकोचतो आणि ‘छान आहे’ एवढे म्हणून मोकळा होतो. हा संकोच मुलास महाग पडतो. ‘छान’ या शब्दाने मूल क्षणभर सुखावते, परंतु पुढे काय करावे ते त्यास समजत नाही; आणि ज्या कामाकडे कोणी नीट पाहिलेच नाही, ते काम मूल दुसऱ्यांदा हाती घेत नाही.

वस्तुतः चलच्चित्रावर अभिप्राय देण्यास संगणकाचे ज्ञान लागतेच असे नाही. १९८६ साली अमेरिकेत डॅलस येथे संगणकीय चित्रणाच्या तज्ज्ञांची परिषद भरली होती. तीत जॉन लॅसेटर यांनी पिक्सार या संस्थेत केलेला ‘लक्सो ज्युनियर’ हा सुमारे दोन मिनिटांचा चित्रपट दाखविण्यात आला. मेजावरचा एक मोठा दिवा, एक छोटा दिवा आणि चेंडू, एवढाच त्याचा संसार. खेळ संपल्यावर जिम ब्लिन हे नामांकित तज्ज्ञ लॅसेटरकडे आले. आता सावल्यांच्या गणितासंबंधी अवघड प्रश्न येणार, अशी लॅसेटर यांना धास्ती वाटली. परंतु ब्लिन यांनी विचारले ते एवढेच, की तो मोठा दिवा आई आहे की बाप? गणित बाजूस ठेवून पाहणाऱ्याचे मन दिव्यांच्या नात्यात गुंतले होते. आपला चित्रपट साधला, हे लॅसेटर यांना त्या एका प्रश्नावरून कळले. असा प्रश्न विचारण्यास लागतात ते उघडे डोळे आणि कुतूहल. आणि ही दोन्ही शिक्षकापाशी असतात.

आता वर्गातील प्रसंग घेऊ. समजा, सातवीतील एका मुलीने आपले पहिले चलच्चित्र केले. रबरी चेंडू वरून पडतो, आपटतो आणि उसळतो, एवढेच त्यात आहे. ॲनिमेशनच्या शिक्षणात हा आरंभीचाच पाठ मानला जातो. मुलीने चेंडू प्रत्येक फ्रेममध्ये सारख्याच अंतराने खाली आणला आहे, आणि तो दर वेळी पहिल्याइतकाच उंच उसळतो.

एक शिक्षक ‘छान’ म्हणेल. दुसरा सांगेल, की रंग फिका आहे, जमीन वाकडी आहे, आवाज नाही, नावातील वेलांटी चुकली आहे. मुलगी त्यांतले सर्वांत सोपे तेवढे करील. म्हणजे वेलांटी सुधारेल, आणि चेंडू होता तसाच राहील. तिसरा शिक्षक माउस स्वतःच्या हाती घेऊन चेंडू ठीक करून देईल. त्यामुळे चित्र सुधारेल. मुलगी मात्र होती तेथेच राहील.

जाणता शिक्षक प्रथम पाहणारा शोधतो. चौथीतील एखाद्या मुलास बोलावून, काहीही न सांगता, ते चित्र दोनदा दाखवावे आणि विचारावे, “काय दिसले?” तो म्हणेल, “फुगा खाली आला.” या वेळी करणारीने मध्ये बोलू नये, उत्तर वहीत लिहून घ्यावे. ‘फुगा’ हा एक शब्द दहा दोषांच्या यादीहून मोलाचा आहे. मुलीच्या मनात चेंडू होता आणि पाहणाऱ्यास फुगा दिसला, हे अंतर तिला स्वतःस कळले. अभिप्रायाचे पहिले कार्य हेच होय.

“पण बाई, चेंडू तर गोल काढला आहे!” असे ती म्हणेल. त्यावर बाईंनी उत्तर देऊ नये. “चल, खरा चेंडू पाहू,” असे म्हणून तिला पटांगणात न्यावे. भिंतीवर १२० सेंटीमीटर उंचीवर खडूची खूण करून तेथून चेंडू सोडावा. तो जमिनीवर येण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो. या अर्ध्या सेकंदाचे चार सारखे भाग केले, तर चेंडू पहिल्या भागात सुमारे साडेसात, दुसऱ्यात साडेबावीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि चौथ्यात साडेबावन्न सेंटीमीटर पडतो. म्हणजे १, ३, ५ आणि ७ या प्रमाणात. मोबाइलवर संथ गतीने चित्रण करून घेतल्यास ही वाढती अंतरे भिंतीवरच्या खुणांशी ताडून पाहता येतात. चेंडूची प्रत्येक उसळी आधीच्या उसळीहून ठेंगणी असते, हेही तेथे दिसते. मग मुलगी आपण होऊन संगणकाकडे परत जाईल. चित्रपटाच्या हिशेबाने सेकंदास २४ फ्रेम धरल्या, तर या पडण्यास १२ फ्रेम मिळतात. त्या बारांत अंतरे कशी वाढवावयाची, हे आता तिचे काम. विज्ञान, गणित आणि चित्रकला हे तीन तास येथे एकत्र आले, हा शिक्षकाचा लाभ.

यातून काही नियम हाती लागतात. अभिप्राय काम पुरे होण्यापूर्वी, चित्र अर्धे कच्चे असतानाच द्यावा. कारण रंगवून सजविलेले चित्र मोडण्यास मूल तयार होत नाही. एका वेळी एकच सुधारणा सांगावी, आणि तीही हालचालीची; रंग व आवाज मागाहून. काय दिसले ते आधी सांगावे, बरे-वाईट नंतर. मुलास नेमका प्रश्न विचारण्याची सवय लावावी, ‘कसे झाले?’ या प्रश्नास ‘छान’ हेच उत्तर येते, परंतु ‘चेंडू जड वाटतो की हलका?’ असे विचारले म्हणजे उपयोगी उत्तर मिळते. पहिली प्रत पुसू न देता जपून ठेवावी. दुसरी प्रत तिच्या शेजारी लावली म्हणजे प्रगती मुलास स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, गुणांची गरज उरत नाही.

आपले काम अपुरे असताना चार माणसांपुढे ठेवणे ही काही कमीपणाची गोष्ट नव्हे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून चित्रपटकला शिकून परत आले, तेव्हा त्यांनी प्रथम वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला आणि तो निवडक मंडळींस दाखविला. तो पाहून लोकांचा विश्वास बसला, भांडवलाची वाट निघाली, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्या छोट्या प्रयोगाकडे पाहण्यास कोणी वेळ दिला, म्हणून पुढचे घडले.

खेड्यातील शाळेत असा वेळ देणारा बहुधा एकच मनुष्य असतो, आणि तो म्हणजे शिक्षक. त्याने संगणकाचे प्रत्येक बटन ओळखावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. विद्यार्थ्याशेजारी बसून, चित्र दोनदा पाहून, जे दिसले ते प्रामाणिकपणे सांगावे आणि एक प्रश्न विचारावा, एवढे त्याने केले तरी ते मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा संगणकापुढे बसेल.