वजनाचं ऑपरेशन म्हणजे नटणं नव्हे



बाईचं वजन वाढलं की घरचे तिच्या ताटाकडे बघतात. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, तर म्हणतात, 'ही कसली थेरं?' विमा कंपनीनेही नकार दिला, की बाई गप्प बसते.

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये नियम ठरवून दिले. डॉक्टरांचा सल्ला, वय १८ पूर्ण आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० किंवा जास्त असेल, तर लठ्ठपणाचं कलम दाखवून हे ऑपरेशन नाकारता येत नाही. आकडा ३५ किंवा जास्त असेल, तर साधे उपाय थकलेले हवेत आणि जोडीला आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास हवा. जुन्या आजारासाठी मात्र तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

अनेकींचं नाव नवऱ्याच्या पॉलिसीत असतं, पण कागद त्यांनी पाहिलेला नसतो. तो आजच काढून वाचा. नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करा. महिन्याभरात दाद लागली नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. नाशिक त्यांच्याच कक्षेत येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

शरीर आपलं आहे. त्याच्या उपचाराचा हक्कही आपणच मागायचा.