प्रश्न कुणाला विचारलाय?



पुण्यात १९६७ साली सुरू झालेल्या बालभारतीची पुस्तकं आपल्यापैकी अनेकांच्या हातांतून गेली आहेत. त्यांतले स्वाध्याय आठवून पाहा. उत्तरे लिहा, जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा. घरात ज्या सहा वर्षांच्या मुलाला सगळे 'अरे ये' म्हणतात, त्याच्याशी पुस्तक 'लिहा' असं बोलतं. ते आदरापोटी असेलही, पण मला त्यात अनेकवचन जास्त ऐकू येतं. पुस्तक अख्ख्या वर्गाशी बोलत असतं.

यामागे एक रास्त कारण आहे. 'तू सुट्टीत काय करतोस?' असं छापलं, की बाकावरची मुलगी त्या प्रश्नातून वगळली जाते. 'करतोस/करतेस' अशी तिरकी रेघ दिली, तर नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथेच अडखळतं. 'तुम्ही काय करता?' यात दोघंही मावतात. मात्र तो प्रश्न कुणा एकाचा राहत नाही, आणि अशा प्रश्नाला पुष्कळ मुलं धड्यातलीच ओळ उतरवून काढतात.

मराठीत याला वाट आहे. 'तू चिमणी पाहिलीस का?' हे मुलाला विचारा, मुलीला विचारा, क्रियापद बदलत नाही. ते चिमणीचं लिंग घेतं, ऐकणाऱ्याचं नाही. 'तुला काय आवडतं?', 'तुला कशाची भीती वाटते?' यांतही कुणी वगळलं जात नाही, आणि उत्तर 'मला'पासूनच सुरू करावं लागतं. धड्यात ते तयार मिळत नाही.

परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत 'आपण काय शिकलो' असं शीर्षक असतं. 'आपण' हे मराठीचं मोठं देणं आहे, कारण बोलणारा त्यात ऐकणाऱ्यालाही धरतो. पण ते जपून वापरायला हवं. 'आपण रोज सकाळी दूध पितो' हे वाक्य, घरी दूध न येणाऱ्या मुलाला त्या 'आपण'मधून बाहेर काढतं.

हे एकेकाला विचारणं वर्गात चांगल्या बाई आपसूक करतात. पुस्तकात 'सांगा' असतं, त्या एका मुलीकडे बघून म्हणतात, ''सांग बरं, तुला काय वाटलं?'' मागच्या बाकावरची, एरवी गप्प असणारी मुलगीही मग बोलते.

आठवी-नववीच्या पुस्तकांत 'लिहा' खुशाल राहू दे. त्या वयात अहोजाहो आवडायला लागतं. पहिली-दुसरीच्या प्रत्येक पाठाखाली मात्र निदान एक प्रश्न 'तुला'ने सुरू व्हावा, अशी पुस्तकं लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे.